‘सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल’ हे वाक्य आधी खोडा

“तुमचं मराठी बरं आहे, एवढं जरा बघून द्या,” असं म्हणत कुणीतरी टेबलावर चाळीस पानांचा गठ्ठा ठेवतं आणि त्या दिवसापासून संस्थेचं धोरण लिहिणारी व्यक्ती तुम्ही होता. माझंही असंच झालं. सेवानियम, रजानियम, प्रवेशाचे नियम, बालसंरक्षण धोरण असले कागद मी आता बरीच वर्षं लिहिते आणि दुरुस्त करते. या कामाला नवीन बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “अपंग लिहू, विकलांग लिहू, की दिव्यांग?”

प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर दुसरा. एक शब्द काढून दुसरा घालायला संगणकाला दहा सेकंद लागतात. वाक्याची ठेवण जुनीच राहिली तर आत बसलेला तुच्छभावही तिथेच राहतो, फक्त त्याला नवं नाव मिळतं. म्हणून सुरुवात क्रियापदांपासून करायची.

पायरी पहिली: पेन घ्या आणि कोण काय करतंय ते पाहा

एका संस्थेच्या रजानियमांत मला हे कलम सापडलं होतं. थोड्याफार फरकाने तुमच्याही गठ्ठ्यात सापडेल:

“एखादा कर्मचारी अपंग असल्यास व त्याने तशी विनंती केल्यास, व्यवस्थापन त्याच्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून त्यास शक्य ती सवलत देईल.”

वरवर वाचलं तर सद्भावना दिसते. आता एकेक शब्द उचलून पाहू. ‘त्याने’, ‘त्यास’: याच नियमावलीत अध्यक्षांचा उल्लेख ‘ते’, ‘त्यांचा’ असा आहे. सचिव ‘ते’, मुख्याध्यापक ‘ते’, तपासणीला येणारे अधिकारी ‘ते’, आणि अपंग कर्मचारी मात्र ‘तो’. हे कुणी मुद्दाम केलेलं नसतं, हात आपोआप तसा वळतो. मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात दिसतो, त्यामुळे शब्द कितीही गुळगुळीत निवडला तरी ‘तो दिव्यांग असल्यास’ म्हटलं की मान गेलाच. नियमावलीतली सगळी एकेरी सर्वनामं शोधायची आणि ती कोणाच्या वाट्याला आलीत याची यादी करायची. बहुधा शिपाई, विद्यार्थी, लाभार्थी आणि अपंग व्यक्ती एवढीच मंडळी निघतात.

पुढे ‘विनंती’, ‘सहानुभूती’, ‘शक्य ती’, ‘सवलत’. चारही शब्द उपकाराच्या घरातले. ‘सहानुभूतीपूर्वक विचार’ हा तर कार्यालयीन मराठीतला जुना मुरलेला प्रयोग. ज्याने ज्याने सरकारी पत्रव्यवहार केला आहे त्याला ठाऊक असतं की या वाक्यानंतर सहसा काहीच होत नाही. आणि सवलत देणाऱ्याला ती काढूनही घेता येते.

कायदा इथे संस्थेच्या पुढे आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा (लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून) ‘वाजवी सोय’ ही कल्पना वापरतो आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभावाचाच प्रकार मानतो. जिने न चढता येणाऱ्या व्यक्तीची बैठक तळमजल्यावर हलवणं, अंध कर्मचाऱ्याच्या संगणकावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) बसवणं, डायलिसिसच्या दिवशी वेळ बदलून देणं ही वाजवी सोयीची उदाहरणं. संस्थेवर अवाजवी बोजा पडत असेल तर नाही म्हणता येतं, पण ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हा अवाजवी बोजा नव्हे.

तेव्हा कलम असं होतं:

“दिव्यांग कर्मचाऱ्यांना काम करण्यासाठी लागणाऱ्या वाजवी सोयी संस्था उपलब्ध करून देईल. सोयीची मागणी लेखी, तोंडी किंवा ई-मेलने संपर्क अधिकाऱ्यांकडे करता येईल. मागणीवरील निर्णय १५ दिवसांत लेखी कळवला जाईल. मागणी अमान्य झाल्यास कारण नमूद केले जाईल.”

पंधरा दिवस हा आकडा माझा, कायद्याचा नव्हे. तुम्ही दहा लिहा, वीस लिहा, पण आकडा लिहा. ‘लवकरात लवकर’ लिहिलंत की सहानुभूती मागच्या दाराने परत आत येते.

‘संपर्क अधिकारी’ कुठून आले? याच कायद्याचं कलम २१ प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगतं. २०१७ च्या नियमांनुसार ते संकेतस्थळावर किंवा ठळक जागी लावायचं असतं. वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांग व्यक्तींसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, पदोन्नती, विशेष रजा, साहाय्यक उपकरणं आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक हे सगळं यावं लागतं. त्याहून लहान संस्थेलाही सोयीसुविधांबद्दल लिहावंच लागतं. म्हणजे तुमच्या टेबलावरचा गठ्ठा हौसेचा भाग नाही. वरिष्ठ “हे कशाला आता” म्हणाले तर हे कलम दाखवायचं.

पायरी दुसरी: आता शब्द ठरवा, आणि एकदाच ठरवा

अपंग, विकलांग, दिव्यांग. ‘दिव्यांग’ सर्वतोमुखी झाला तो २७ डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’मधल्या पंतप्रधानांच्या सूचनेनंतर. पुढच्याच वर्षी केंद्रीय विभागाच्या हिंदी नावात ‘दिव्यांगजन’ आलं. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये वेगळा दिव्यांग कल्याण विभागच काढला. प्रमाणपत्र, योजना, शासन निर्णय सगळीकडे आता हाच शब्द आहे. मात्र अपंग हक्कांच्या चळवळीतल्या अनेकांनी तेव्हाच हरकत घेतली होती, आणि ती हरकत मला पटते: न चालणाऱ्या पायात दिव्य काय आहे? रॅम्प नाही ही अडचण आहे, आणि दैवी म्हटल्याने रॅम्प येत नाही. उलट, ‘अपंग’ म्हटल्यावर कानाला टोचतं असं सांगणारेही खूप भेटतात, विशेषतः तरुण मुलं आणि त्यांचे आईवडील.

मी काय करते ते सांगते. व्यक्तीबद्दल आणि कायद्याबद्दल लिहिताना ‘दिव्यांग व्यक्ती’, कारण कागद कायद्याशी जुळायला हवा. स्थितीबद्दल लिहिताना ‘अपंगत्व’, कारण ‘दिव्यांगत्व’ शासकीय कागदात रुळत असलं तरी माझ्या तोंडात बसत नाही. व्याख्येच्या कलमात हे दोन ओळींत सांगून टाकायचं आणि पुढे तेच पाळायचं. एकाच पानावर तिन्ही शब्द आळीपाळीने आले की वाचणाऱ्याला वाटतं, हे तीन वेगळे गट असावेत. आणि संस्थेत जे दिव्यांग सहकारी आहेत त्यांना विचारायचं. चार जण असतील तर चार मतं येतील, घाबरू नका.

मराठीत आणखी एक गंमत होते. इंग्रजी धोरणांत ‘आधी व्यक्ती, मग अपंगत्व’ असा आग्रह असतो. तो तसाच उचलून लोक ‘अंधत्व असलेली व्यक्ती’, ‘दृष्टीविषयक आव्हान असलेली व्यक्ती’ असं लिहितात. मराठीत विशेषण नामाच्या आधीच येतं. ‘अंध शिक्षक’ म्हटल्याने शिक्षक मागे पडत नाहीत. माझे ओळखीचे अंध लोक स्वतःला सरळ अंध म्हणतात आणि ‘दृष्टी-आव्हानित’ ऐकून हसतात. खटकतं ते सुटं नाम: ‘अंधांना’, ‘अपंगांस’. तिथे ‘अंध प्रवासी’, ‘दिव्यांग विद्यार्थी’ असं त्या व्यक्तीचं तिथलं काम किंवा नातं जोडलं की झालं.

आंधळा, बहिरा, मुका, लंगडा, पांगळा, थोटा, खुळा हे धोरणात चालणार नाहीत, हे सांगायला नको. (इथे एक सल मात्र माझ्या मनात आहे. संस्कृत ‘अंध’ सभ्य आणि घरचा ‘आंधळा’ असभ्य, ही वाटणी काही निष्पाप नाही. माझी आजी स्वतःबद्दल “मज आंधळीला कोण नेणार” म्हणायची आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नसे. पण स्वतःबद्दल बोलणं वेगळं, आणि संस्थेने शिक्का मारून दुसऱ्याबद्दल लिहिणं वेगळं.)

तीन शब्दांपाशी जरा थांबू, कारण त्यांत चूक हमखास होते.

मूकबधिर. शाळांच्या पाट्यांवर अजून आहे. पण ऐकू न येणाऱ्या बहुतेकांचा कंठ, जीभ, स्वरयंत्र ठीक असतं. ऐकून भाषा शिकता आली नाही म्हणून बोलणं आलं नाही, किंवा आलं ते आपल्याला कळत नाही. शिवाय खुणांच्या भाषेत ते भरभरून बोलत असतात, त्यामुळे ‘मूक’ हा आपला समज. कायद्याच्या यादीतही श्रवणाची अक्षमता आणि वाचा व भाषेची अक्षमता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ‘कर्णबधिर’ लिहा. आणि त्याच कलमात ‘बैठकीला खुणांच्या भाषेचे दुभाषी उपलब्ध करून दिले जातील’ हेही लिहा, नाहीतर नुसता शब्द सुधारून काय मिळवलं.

मतिमंद. १९९५ च्या जुन्या कायद्याच्या यादीत सात प्रकार होते, त्यात या अर्थाची नोंद होती. २०१६ च्या यादीत एकवीस प्रकार आहेत आणि तिथे ‘बौद्धिक अक्षमता’ आहे. कायद्याने जो शब्द सोडला तो आपण धरून ठेवायचं कारण नाही. ‘गतिमंद’, ‘विशेष मूल’ हे त्याचेच मऊ अवतार. ‘विशेष’ तर इतका मोघम की वाचणाऱ्याला सोय कोणती करायची ते कळतच नाही. आणि ऑटिझमसाठी ‘स्वमग्न’ रुळलाय, पण तो माणूस आपल्यातच दंग आहे, त्याला तुमची गरज नाही, असं तो सुचवतो. मी ‘ऑटिझम असलेले विद्यार्थी’ लिहिते.

महारोगी. हा शब्द नव्या मजकुरात नको. कुष्ठरोग, आणि उपचार पूर्ण झालेल्यांसाठी कुष्ठरोगमुक्त व्यक्ती. आनंदवन चालवणाऱ्या संस्थेचं नाव ‘महारोगी सेवा समिती’ आहे. बाबा आमटे यांनी ती १९४९ मध्ये काढली तेव्हा हाच शब्द चालत होता. विशेषनाम म्हणून ते जसंच्या तसं लिहायचं, त्याला सुधारायला जाऊ नये. पण तुमच्या सेवानियमांत ‘महारोग, वेड किंवा तत्सम रोग जडल्यास’ अशी ओळ असेल, आणि जुन्या नियमावल्यांत ती असतेच, तर शब्द बदलून थांबू नका, अख्खी ओळ काढायला सांगा. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, तेसुद्धा संसदेने २०१९ मध्ये व्यक्तिगत कायद्यांतून काढलं. ‘वेड’च्या जागी ‘मानसिक आजार’ येईल, पण आजार झाला म्हणून नोकरी घालवणारं कलम कोणत्याही सभ्य शब्दाने सभ्य होत नाही.

‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘व्याधीने जखडलेला’, ‘व्हीलचेअरला खिळलेला’ हे सगळे एका ठोक्यात बाद. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निकालात, दृश्य माध्यमांच्या संदर्भात, दुःख भोगणारा, पीडित, बळी अशा अर्थाची भाषा टाळायला सांगितली, कारण ती सगळं ओझं व्यक्तीच्या शरीरावर टाकते आणि समाजाने उभे केलेले अडथळे झाकते. धोरणालाही ते तंतोतंत लागू पडतं. व्हीलचेअरने माणूस खिळत नाही, हिंडतो. ‘व्हीलचेअर वापरणारे कर्मचारी’ लिहा.

‘धडधाकट’ आणि ‘नॉर्मल’ यांच्या जागी ‘अपंगत्व नसलेले’. जाहिरातीतलं ‘उमेदवार शारीरिकदृष्ट्या सुदृढ असावा’ पाहिलंत की विचारा, या कामाला नेमकं काय लागतं? एका ठिकाणी उत्तर आलं, “दुचाकीवर गावोगाव जावं लागतं.” मग आम्ही लिहिलं, ‘कामात तालुक्यातील गावांना आठवड्यातून तीन दिवस भेटी आहेत, प्रवासाची व्यवस्था उमेदवाराशी बोलून ठरवली जाईल.’

पायरी तिसरी: ‘दुर्बल घटक’ ही टोपली रिकामी करा

‘महिला, बालके, वृद्ध, अपंग इत्यादी दुर्बल घटक’ हे वाक्य माझ्या हातून किती वेळा खोडलं गेलंय त्याला गणती नाही. लेखापाल असलेली महिला, सहा वर्षांचं मूल आणि निवृत्त न्यायाधीश एकाच टोपलीत, आणि टोपलीवर चिठ्ठी ‘दुर्बल’. यांतलं कोणीही जन्मजात आणि चोवीस तास दुर्बल नसतं. एखाद्या परिस्थितीत, एखाद्या जागी, कुणाच्या तरी वागण्याने धोका वाढतो. मग ती परिस्थितीच लिहायची.

बालसंरक्षण धोरणात ‘असुरक्षित मुले’ ऐवजी: ‘पालक ऊसतोडीला गेल्यामुळे वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहणारी मुले’. सुरक्षा धोरणात ‘अबला महिला’ ऐवजी (हो, हा शब्दही छापलेला पाहिलाय): ‘रात्री आठनंतर एकट्याने काम करणाऱ्या कर्मचारी’. असं लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप सुचतं, गाडी कोण देणार, दिवे कोण लावणार. ‘दुर्बल’ म्हटलं की फक्त ‘काळजी घ्यावी’ एवढंच सुचतं.

चौकशीच्या नियमांत ‘पीडिता’ऐवजी ‘तक्रारदार’. पोलिसी कागदांत ‘पीडिता’ सर्रास असतं, पण संस्थेच्या समितीसमोर आलेली बाई तक्रार घेऊन आली आहे, आणि तिचं तिथलं नातं तेच.

‘विधवा’, ‘परित्यक्ता’, ‘निराधार’ यांचं काय? योजनेच्या नावात असेल तर तसंच ठेवायचं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं नाव तुम्ही बदलू शकत नाही. स्वतःच्या मजकुरात ‘एकल महिला’ हा चळवळीतून आलेला शब्द चांगला आहे. पण आधी विचारा, वैवाहिक स्थितीची गरज तरी आहे का? सोज्वळ शब्द शोधण्याच्या भरात काय होतं, ते महाराष्ट्राने २०२३ च्या एप्रिलमध्ये पाहिलं. विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आला आणि राज्यभर टीका झाली. लग्नपत्रिकेतलं ‘गं. भा.’ सगळ्यांना माहीत होतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मात्र त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यात नवा शब्द एकही नव्हता. कोणी काय करायचं नाही, एवढंच होतं. तुमच्या धोरणाला मी हेरवाडचा नमुना दाखवीन.

पायरी चौथी: गुप्तता

थोडक्यात सांगते. ‘अपंग कर्मचाऱ्यांची यादी सूचनाफलकावर लावावी’ असली ओळ कुठे असेल तर काढा. वाहतूक भत्त्याच्या यादीतून हे बऱ्याचदा अनवधानाने होतं. अपंगत्व सांगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. धोरणात ‘सोय हवी असल्यास माहिती देता येईल, ती संपर्क अधिकाऱ्यांपुरती राहील’ एवढं पुरे. आणि आचारसंहितेत टोपणनावांचा उल्लेख करा. ‘लंगड्या’ ही थट्टा नसते. लोकांदेखत, खाली दाखवण्याच्या हेतूने केलेल्या अपमानाला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे.

पायरी पाचवी: कागद ऐकून पाहा

ही पायरी मी स्वतः बरीच उशिरा शिकले. एका संस्थेचं समान संधी धोरण लिहून झालं होतं, मला ते फार चांगलं जमलं असं वाटत होतं. तिथल्या एका अंध साहेबांना मी फाइल पाठवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी हेडफोन काढून आवाज खुला केला. संगणक बोलायला लागला तो इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं यांची खिचडी. ब्रॅकेट, बी, स्वल्पविराम, मोठा के. साहेब शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही आमच्याबद्दल बरंच काही लिहिलंय म्हणे.”

टंकलेखकाने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या, युनिकोडच्या (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठलेली असतात इंग्रजी कळफलकाची चिन्हं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. त्यानंतर अध्यक्षांच्या सहीची प्रत स्कॅन करून संकेतस्थळावर चढवली होती, ती तर नुसतं चित्र. तिच्यावर संगणक गप्पच बसला.

तेव्हापासून नियम असा. मजकूर युनिकोडमध्येच. सहीची प्रत वेगळी ठेवा, वाचायची प्रत वेगळी. शीर्षकं ठळक करून भागत नाही, वर्ड प्रोसेसरमधली शीर्षकाची शैली लावा, म्हणजे ऐकणाऱ्याला थेट हव्या त्या कलमावर उडी मारता येते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. तो स्वतःच्या संगणकावर टाकून एक पान डोळे मिटून ऐका. लांबलचक वाक्यं कुठे तुटतात, ‘उपरोक्त’ आणि ‘खालीलप्रमाणे’ ऐकताना किती निरर्थक होतात, ते तेव्हा कळतं. ऐकणाऱ्याला वर-खाली नसतं, आधी-नंतर असतं. कलमाचा क्रमांकच सांगा.

तेच धोरण दुरुस्त करून मी आठवड्याने परत घेऊन गेले. या वेळी संगणकाने नीट वाचलं, जरा यांत्रिक सुरात, पण स्वच्छ. साहेब शेवटपर्यंत ऐकत होते. सहाव्या कलमावर त्यांनी थांबवलं: ‘संपर्क अधिकारी तळमजल्यावर उपलब्ध असतील.’

“तळमजल्यावर कुठे?” त्यांनी विचारलं.

मी तिथेच बसून लिहिलं, ‘मुख्य दारातून आत आल्यावर उजव्या हाताचं तिसरं दार, पाण्याच्या कूलरच्या पुढचं.’